कानिफनाथांचा खड्डा

एकाहत्तर सालच्या डिसेंबरात लढाई लागली आणि भिंगारच्या आमच्या क्वार्टरांमधल्या बायकांना पुन्हा शाळेत बसावं लागलं. पुन्हा म्हणजे काहींना पहिल्यांदाच. नगर हे लष्कराचं गाव, रणगाडे सगळे इथं, तेव्हा विमानं आली तर पहिला बॉम्ब आमच्याच डोक्यावर पडणार, हे सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. खिडक्यांना काळे कागद डकवले होते. आणि हुकूम असा निघाला, की दुपारची जेवणं आटोपली की बायकांनी पत्र्याच्या शेडमध्ये जमायचं आणि जखमी माणसाचं काय करायचं ते शिकायचं.

माझे यजमान लष्कराच्या बांधकाम खात्यात नळफिटर होते. त्यांचं नाव गोरक्षनाथ. तेव्हा मी ते नाव उखाण्याशिवाय घेत नसे, आता लिहायला हरकत नाही. हुकूम ऐकून ते म्हणाले, "जा, तेवढंच तुझं तोंड दुपारी घराबाहेर राहील." मी जाणार नव्हते, पण असं म्हटल्यावर गेले.

शिकवायला लष्कराच्या दवाखान्यातला एक हवालदार यायचा. काळाभोर, उंच, मद्रासकडचा. त्याचं हिंदी त्याचं त्यालाच कळे. पण माणूस कामाचा होता. भाजलं तर शाई आणि हळद काही लावायचं नाही, गार पाणी ओतायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. फीट आली तर चप्पल हुंगवायची नाही. एकेक ऐकून आम्हाला वाटायचं, म्हणजे आजवर आम्ही जे जे केलं ते सगळंच उलटं की काय? शेजारची अख्तरी मला कोपरखळी मारून म्हणाली, "चप्पल नै तो क्या, बूट सुंघाने का?" हवालदारानं ऐकलं आणि तिलाच पुढं बोलावून तिच्या धडधाकट हाताला फळी बांधली. तासभर ती तशीच बसून होती.

पट्ट्या बांधण्यापर्यंत सगळं ठीक चाललं. मग एक दिवस त्यानं सतरंजीवर एक पोतं आडवं टाकलं आणि सांगितलं, की पाण्यात बुडालेला, विजेचा धक्का बसलेला, धुरात गुदमरलेला माणूस मेल्यासारखा दिसतो, पण बऱ्याचदा तो मेलेला नसतो. त्याचा श्वास थांबलेला असतो. गळ्याच्या बाजूला शीर असते, तिथं बोटं लावून बघा. शीर उडत असेल, तर त्याचं डोकं मागं करा, हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा, त्याच्या तोंडावर आपलं तोंड घट्ट लावा आणि आपला श्वास त्याला द्या. छाती वर येते का बघा. मग सोडा. पुन्हा द्या. शीरही लागत नसेल, तर छातीच्या हाडावर दोन्ही तळवे ठेवून दाबायचं, आणि मधूनमधून श्वास द्यायचा.

शेडमध्ये सगळ्या एकदम बोलायला लागल्या. परक्याच्या तोंडाला तोंड? उष्टं? आणि बाप्या असला तर? एक जण तर उठून चालूच लागली. हवालदारानं दार अडवलं नाही. तो एवढंच म्हणाला, "माताजी, तुम्हारा बच्चा पानी से निकलेगा, तो तुम शरम करेगा?" ती बाई दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली.

आमच्याकडून सराव करून घ्यायला त्यानं फुटबॉलच्या आतलं रबरी ब्लॅडर आणलं होतं. त्यात फुंकायचं. ते सगळ्यांनी केलं. माणसावर मात्र कुणी तयार होईना. माझी जोडी अख्तरीशी लावली होती. ती म्हणाली, हिच्या तोंडाला मिश्रीचा वास येतो. मी म्हटलं, हिच्या तोंडाला कांद्याचा येतो. दोघीही खरंच बोलत होतो. शेवटी एका दुपारी तिच्याच खोलीत, दाराला आतून कडी घालून, आम्ही ते केलं. तिचे मालक महमूदभाई ट्रक घेऊन बाहेरगावी गेले होते. पहिल्या दोन वेळेस अख्तरी हसून हसून उठून बसली. तिसऱ्या वेळेस ती गप्प पडून राहिली, मी फुंकलं, आणि माझ्या श्वासानं तिची छाती वर आली. मला एकदम कसंसंच झालं. आपल्या आतला वारा दुसऱ्या जिवात जातो आणि तो जीव हलतो, हे मी तोवर फक्त ऐकलं होतं. अख्तरी उठली आणि म्हणाली, "या अल्ला, ये तो सच्ची है." मग तिनं मला झोपवलं.

लढाई आमचं शिकणं पुरं व्हायच्या आत संपली. बॉम्ब काही पडला नाही. काळे कागद निघाले, हवालदार यायचा बंद झाला. यजमान चार लोकांत सांगत फिरायचे, की ढाका पडला तो आमच्या घरच्या पट्ट्यांमुळंच.

पुढच्या चैत्रात यात्रेसाठी मी पोरांना घेऊन सासरी गेले. आमचं गाव पारनेरच्या अलीकडं, फाट्यावर उतरून चालत जावं लागायचं. घर मळ्यातच होतं. घरात सासूबाई, म्हणजे बनुबाई, थोरले दीर कानिफनाथ आणि थोरल्या जाऊबाई छबूबाई. शेतीत भीमा नावाचा गडी वाट्यानं काम करायचा. थोरल्या दिरांच्या समोर मी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. बोलणं तर लांबच. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती, पण माझ्याशी त्यांचं जे काही बोलणं होई ते भिंतीशी किंवा पोरांशी बोलल्यासारखं असे. "पानी द्या म्हनावं." मीही भांडं उंबऱ्यावर ठेवून आत जायची. यात काही वाईटपणा नव्हता. आमच्यात असंच होतं, आणि ते तसे देवमाणूस म्हणावे इतके साधे होते.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि छबूबाई विहिरीवर धुणं धूत होतो. मोटार चालू होती, पाणी थारोळ्यात पडत होतं. तिथली जमीन कायम ओली. मोटारीचा आवाज बदलला म्हणून थोरले अनवाणीच आले आणि स्टार्टरच्या लोखंडी पेटीला हात लावला. तो हात निघालाच नाही. सगळं अंग ताठ झालं, तोंड वाकडं झालं, आणि घशातून एक आवाज निघाला, तो मी पुन्हा कधी ऐकू नये.

भीमा वाफ्यात पाण्याची दारं धरत होता. तो फावडं टाकून धावला. मी ओरडले, "भीमा, हात लावू नगंस!" माझ्या हातात धुणं बडवायचं लाकूड होतं, पण ते चिंब ओलं. मोटारीच्या छपराच्या कुडात बैलं हाकायची काठी खोचलेली होती, ती ओढली आणि त्यांच्या मनगटावर सगळा जोर लावून हाणली. दुसऱ्या तडाख्याला हात सुटला. ते उताणे पडले. मग भीमानं त्याच काठीनं खटका खाली ओढला.

ओठ निळे झाले होते. डोळे अर्धे उघडे. छबूबाईंनी जो हंबरडा फोडला, त्यानं सासूबाई घरातून धावत आल्या. आल्या आल्या त्या ओरडल्या, "भीमा, खड्डा खांद! मातीत पुरा त्याला, माती करंट वढून घेती!" आमच्या भागात तेव्हा सगळ्यांनाच हे माहीत होतं. वीज येऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि आभाळातल्या विजेवर जो उपाय करायचे तोच लोकांनी तारेतल्या विजेला लावला होता. भीमानं फावडं उचललं आणि कांद्याच्या वाफ्यात खड्डा घ्यायला लागला.

मी थोरल्यांच्या गळ्याला बोटं लावली. ज्यांच्या सावलीला मी पाय लावला नव्हता, त्यांच्या गळ्याला. शीर उडत होती. मंद, पण उडत होती. नाकाशी गाल नेला, श्वास नव्हता. मग मी काय केलं ते माझ्या हातांनी केलं, मी फक्त बघत होते असं म्हणायला हरकत नाही. डोकं मागं, हनुवटी वर, नाक चिमटीत. मी तोंड लावलं.

"मुक्ता! अगं काय करतीस?" छबूबाईंनी माझा दंड धरून ओढलं. मी त्यांना कोपरानं ढकललं. त्या चिखलात बसल्या. मला आजही त्याचं वाईट वाटत नाही. मी श्वास देत राहिले. छाती वर यायची, खाली जायची. वर यायची, खाली जायची. डोक्यावरचा पदर कधीच गेला होता. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. मला भोवळ यायला लागली होती, तेवढ्यात त्यांच्या घशात घरघर झाली, आणि पुढचा श्वास मी द्यायच्या आधी त्यांनीच घेतला. मग खोकला. मग दुसरा श्वास. त्यांनी डोळे उघडले. त्यांच्या डोळ्यांसमोर माझं उघडं तोंड, उघडं डोकं. त्यांनी मला ओळखलं आणि डोळे मिटून घेतले.

मला रडू फुटलं. आनंदानं म्हणा, भीतीनं म्हणा. पण सासूबाईंचं डोकं माझ्यापेक्षा लवकर जागेवर आलं. बांधावरून लोक धावत येताना दिसत होते. त्या म्हणाल्या, "उचला त्याला. खड्ड्यात घाला."

मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, श्वास चालू झालाय. त्यांना कुशीवर निजवा, घोंगडी घाला. गार मातीत घालू नका."

"मुक्ते, पदर घे," सासूबाई म्हणाल्या. "अंगात करंट ऱ्हायला आसंल. आन् लोकाला काय सांगायचं? भावजयीनं दिराच्या तोंडाला तोंड लावलं म्हून? तुझी बी अब्रू हाय, त्याची बी हाय. भीमा, तू काय बघितलं न्हाईस."

भीमा आमच्या वाट्यावर जगणारा माणूस. त्यानं मान खाली घातली आणि पाय धरले. छबूबाईंनी खांदे धरले. मी आडवी आले तर सासूबाईंनी मला बाजूला सारलं. लोक पोचले तेव्हा थोरले छातीपर्यंत मातीत होते, मान एका अंगाला कलली होती आणि श्वास नीट चालला होता.

सगळ्यात आधी पोचला तो शेजारच्या मळ्यातला छगन. शेजारीण साळूबाईंचा एकुलता एक मुलगा, विशी-बाविशीचा, हसऱ्या तोंडाचा. तो खड्ड्याशी उकिडवा बसला, थोरल्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि हरखून म्हणाला, "कानिफमामा, मातीनं वढून घेतला बगा सगळा! डोळ्यांनी बघितलं मी." जो तो तेच म्हणायला लागला. माती काय करते बघा. मी म्हणाले, "मातीनं न्हाई." सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. छगननं विचारलं, "मग कशानं, मामी?" आणि छबूबाई मोठमोठ्यानं रडायला लागल्या, तसं सगळ्यांचं लक्ष तिकडं गेलं.

दुसऱ्या दिवशी मी पोरांना घेऊन भिंगारला परत आले. थोरले बाजेवर पडून होते, त्यांनी भिंतीकडं तोंड केलं होतं. यजमानांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दादा जगला ना? मग माती म्हनू दे नाहीतर शेण म्हनू दे." मला इतका संताप आला, की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. अख्तरीला सांगितलं तर ती म्हणाली, "तेरे जेठ को मालूम है ना? बस. एक दिन बोलेंगे."

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. विहिरींचं पाणी खाली खाली गेलं, तशा लोकांनी मोटारी खाली उतरवल्या. वायर पुरेना. मग जुने तुकडे जोडायचे, गाठ मारायची आणि वर सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळायचं. मोटार चालली की झालं. गावाकडून येणारा जो तो हेच सांगायचा, आणि मी प्रत्येकाला म्हणायची, जपून करा रे.

नवरात्राच्या आधी एका सकाळी थोरले दीर दारात उभे. कळवल्याशिवाय ते कधी यायचे नाहीत. यजमान कामावर निघाले होते, ते थांबले. थोरले आत आले नाहीत, उंबऱ्यावरच बसले. मी पाण्याचा तांब्या ठेवला. त्यांनी हात लावला नाही.

"गोरख," ते म्हणाले, "तिला म्हनावं, छगन गेला."

मी चुलीपाशी होते. तव्यावर भाकरी होती. मी वळले तशी तिथंच थांबले.

थोरले भावाकडं बघून बोलत होते. "गाठीला चिकटला. फ्यूज काढला आन् त्याला सोडवला. ओठ काळंनिळं. मी पळत गेल्तो. भीमानं मला सांगितलं हुतं, हिनं गळ्याला बोट लावलं हुतं म्हून. मी बी लावलं. शीर उडत हुती, गोरख."

"मग?" यजमान म्हणाले.

"मग लोक म्हनले, खड्डा घ्या. मला इचारलं. कानिफनाथ, तुमचा खड्डा किती खोल हुता? आजून कुनाला इचारत्याल? मीच त्यातनं वाचलेला." ते थांबले. त्यांनी बसल्या बसल्या हात कमरेच्या वर, छातीशी नेला. "मी असा हात करून दावलं. हितपतूर. त्येंनी तेवढा खांदला. मी बी खांदू लागलो. दिस मावळंपतूर साळूबाई त्याच्या डोक्याशी बसून हुती. म्हनायची, कानिफनाथ वाचला, माझा बी वाचंल."

खोलीत जळक्या भाकरीचा वास सुटला होता. माझ्यासमोर तो हसऱ्या तोंडाचा पोरगा उकिडवा बसला होता आणि विचारत होता, मग कशानं, मामी? मला आधी रडू यायला हवं होतं, पण आला तो रागच.

"तिला म्हनावं," थोरले म्हणाले, "गावात ये. लोकाला सांग, दाव. उद्या आजून कुनीतरी चिकटनार."

मी पदर सारखा केला आणि त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. "भिंतीशी नका बोलू," मी म्हटलं. "मी हितं हाय. मी येते. दावते बी. पर मी सांगनार न्हाई. तुमी सांगायचं. मी सांगितलं तर लोक म्हनत्याल, भिंगारची बाई, चार बुकं शिकली आन् टेंभा मिरवती. खड्डा तुमी दावला. आता खड्डा खोटा हुता ह्ये बी तुमीच सांगा."

यजमान मला गप्प करायला पुढं झाले. थोरल्यांनी हातानं त्यांना थांबवलं. पहिल्यांदाच त्यांनी सरळ माझ्याकडं बघितलं. "व्हय," ते म्हणाले. मग त्यांनी तांब्या उचलला आणि सगळं पाणी एका दमात प्यायलं.

पोरांना अख्तरीकडं ठेवून त्याच दिवशीच्या एसटीनं आम्ही तिघं निघालो. घरी सासूबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मेलेला काय परत येनार हाय का? मग घरातलं बाहीर कशाला?" थोरल्यांनी त्यांच्या पायाला हात लावला आणि ते बाहेर पडले. छबूबाई मात्र आमच्याबरोबर आल्या. वाटेत त्यांनी माझा हात धरला. त्या दिवशी ज्यानं मी त्यांना चिखलात ढकललं होतं, तोच.

मारुतीच्या देवळापुढं माणसं जमली. थोरल्यांनी सांगितल्यावरून सरपंच आप्पासाहेबांनी दवंडी दिली होती, की मोटारीच्या शॉकबद्दल कानिफनाथ सांगणार आहेत. लोकांना वाटलं, खड्ड्याचंच काहीतरी राहून गेलेलं सांगणार. बायका एका अंगाला बसल्या होत्या. त्यांच्यात साळूबाई होत्या. कोण त्यांना घेऊन आलं होतं माहीत नाही. त्यांच्या नजरेला नजर द्यायची मला हिंमत झाली नाही.

थोरले उभे राहिले. बोलायची सवय नव्हती, त्यामुळं लांबण लावली नाही. "मी मातीनं वाचलो न्हाई," ते म्हणाले. "मला खड्ड्यात घातला तवा माझा श्वास चालू झाल्ता. त्याच्या आधी माझी भावजय, ही गोरखची मुक्ता, तिनं माझ्या तोंडाला तोंड लावून मला श्वास दिला. त्यानं वाचलो. खड्डा लोकाला दावायसाठी हुता."

कुणीतरी मागं हसलं. एक म्हातारा "राम राम" म्हणत उठला. आप्पासाहेबांनी दोघांनाही खाली बसवलं. मग साळूबाई उभ्या राहिल्या.

"ह्ये तुमाला तवाच ठावं हुतं?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"व्हय."

"माझ्या छगनला मातीत घातला तवा बी?"

"व्हय."

"मंग का न्हाई सांगितलं?"

मला वाटलं, थोरले आता आईचं नाव घेतील, घराचं नाव घेतील, माझ्या अब्रूचं नाव घेतील. घेतलं असतं तर मी तिथंच बोलले असते.

"लाज वाटली," ते म्हणाले.

साळूबाई बसल्या नाहीत. मला तिथं थांबणं नको झालं होतं, पण आले होते त्या कामाला लागणं एवढंच माझ्या हातात होतं. मी म्हटलं, "कुनीतरी हितं आडवं पडा, म्हंजे मला दावता येईल." कुणी हललं नाही. बाप्ये एकमेकांकडं बघायला लागले. यजमानांनी पुढं पाऊल टाकलं, पण त्याच्या आधी थोरले धोतर सावरून फरशीवर उताणे झाले. सगळ्या गावासमोर, देवासमोर.

मी त्यांच्या डोक्याशी बसले. गळ्याची शीर कुठं असते ते दाखवलं. डोकं कसं मागं करायचं, हनुवटी कशी उचलायची, जीभ मागं पडते म्हणून हे करायचं. सोडवताना आधी खटका, मग वाळलेलं लाकूड, ओलं नाही. श्वासाच्या जागी मी त्यांच्या तोंडावर लुगड्याचा पातळ पदर टाकला आणि त्यावरून श्वास दिला. छाती वर आली. मागची पोरं उठून बघायला लागली. कुणी हसलं नाही.

"आता तुमच्यापैकी कुनीतरी करून बगा," मी म्हटलं. "नुसतं बघून येत न्हाई."

साळूबाई पुढं आल्या. लोकांनी वाट दिली. आप्पासाहेब अर्धवट उठले, छबूबाईंनी तोंडावर हात घेतला. मलाही तीच भीती वाटली. ही बाई आता या माणसाच्या थोबाडीत मारेल, गळा धरेल, आणि मारलं तरी तिला कुणी काय म्हणणार? थोरल्यांना पावलांचा आवाज आला असणार. त्यांनी डोळे मिटले आणि तसेच पडून राहिले.

साळूबाई त्यांच्या उशाशी बसल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "कसं धरायचं नाक?"

मी दाखवलं. त्यांनी नाक धरलं, चांगलं जोरात. दुसऱ्या हातानं हनुवटी वर उचलली. मी पदर सारखा करायला गेले, तर त्यांनी तो बाजूला सारला. वाकून त्यांनी आपलं तोंड कानिफनाथांच्या तोंडाला लावलं आणि फुंकलं. पहिल्यांदा हवा गालातून निसटली. मी म्हटलं, "ओठ घट्ट." त्यांनी पुन्हा फुंकलं. छाती वर आली, खाली गेली.

साळूबाई सरळ बसल्या. त्यांचा हात अजून थोरल्यांच्या हनुवटीखाली होता. त्या छातीकडंच बघत होत्या. श्वास दिला म्हणून छगन नक्की वाचलाच असता असं नाही, हे मला माहीत होतं. हवालदारानं तेही सांगितलं होतं. ते सांगावं म्हणून मी तोंड उघडलं.

"एवढंच?" साळूबाईंनी विचारलं. "एवढंच करायचं हुतं?"

थोरल्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं वाहत होतं.

"हो, साळूबाई," मी म्हटलं. "एवढंच."